गिधाडे : त्यांचा संचार व संरक्षण

मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे काही वेळातच तेथे उतरत, हे दृश्य गावातील वडीलधाऱ्यांच्या चांगले स्मरणात आहे. आजच्या मुलांना मात्र गिधाड बहुधा चित्रातूनच ठाऊक असते. असे का झाले हे समजण्यासाठी या पक्ष्याच्या संचाराची रीत पाहिली पाहिजे.

गिधाडाचे शरीर जड असते. सतत पंख मारीत उडणे त्याला झेपत नाही. ऊन चढून जमीन तापली म्हणजे वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या आधाराने ते उंच चढते व पंख पसरून दूरवर तरंगत जाते. आपली गिधाडे खाद्य शोधतात ते वासाने नव्हे, तर दृष्टीने. शिवाय प्रत्येकाचे लक्ष आसपासच्या गिधाडांवर असते. एक खाली उतरू लागले की दुसरे तिकडे वळते. दुसऱ्यास पाहून तिसरे येते. अशा रीतीने एका जनावराभोवती दूरदूरची गिधाडे गोळा होतात आणि थोड्याच वेळात केवळ हाडे उरतात.

हीच रीत पुढे त्यांच्या जिवावर बेतली. गुरांची वेदना व सूज कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध वापरात आले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. असे मांस शंभरांपैकी एकाहून कमी जनावरांत असले तरी ऱ्हास घडतो. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे जेवतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक भारतातून १९९० नंतरच्या दोन दशकांत नाहीशी झाली. मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून ही हानी लवकर भरून येत नाही.

गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जात असल्यामुळे २०१५ साली कुपीचे प्रमाण ३ मिलिलिटरवर आणले गेले. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथून आणून २०२४ साली ताडोबाच्या जंगलात सोडलेल्या गिधाडांपैकी एक थेट तमिळनाडूपर्यंत गेले. यावरून दिसते की, राखीव जंगलाची सीमा गिधाडास पुरत नाही. त्याचे रक्षण जितके वनात, तितकेच शेतकऱ्याच्या गोठ्यात होते. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस अपायकारक नाही. गुरांच्या दवाखान्यात त्याची चौकशी करणे प्रत्येक पशुपालकास शक्य आहे.

अभ्यास
१. एक गिधाड उतरताच इतर का जमतात?
२. थोड्याच जनावरांतील औषधाने एवढी हानी कशी झाली?
३. आपल्या गावात गिधाडे शेवटी केव्हा व कोठे दिसली, हे आजी-आजोबांस विचारून वहीत लिहा.