अरबी समुद्र : गोदाकाठच्या मंडळ्यांसाठी एक पाठ

वाचन : स्तोत्र १०४, ओव्या २४ ते २६, उपदेशक, अध्याय १, ओवी ७.

सायखेड्याच्या पुलावर उभे राहिले असता गोदावरी आपली वाटते. समुद्र मात्र परका वाटतो. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ वडीलधाऱ्यांनी तो कधी पाहिलेला नाही. शुभवर्तमानात ज्याला गालीलाचा समुद्र म्हटले आहे, तोही वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवर असून त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे. तेव्हा खरा समुद्र कसा असतो, आणि त्याचा आपल्या शेताशी व विहिरीशी काय संबंध, ह्याचा आज विचार करू.

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरांवर आहे. तरी सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे भूमीचा उतार पूर्वेस असल्यामुळे ती त्या समुद्राकडे पाठ फिरवते, आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु नाशिककडे तिच्यात येणारे पाणी मुख्यतः नैर्ऋत्येच्या पावसाचे, आणि तो पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांनी आणलेला. म्हणजे आपण एका समुद्राचे देणे घेतो व दुसऱ्यास पोहोचवतो.

ह्या समुद्राच्या पूर्वेस आपला देश, पश्चिमेस आफ्रिका व अरबस्तान, आणि उत्तरेसही भूमीच आहे. दक्षिणेस मात्र तो हिंदी महासागरास मोकळा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८ लक्ष चौरस किलोमीटर असून काही ठिकाणी खोली साडेचार हजार मीटरांहून अधिक आहे. त्याजवर सूर्याचा ताप मोठा. पाऊस व नद्या मिळून त्यास जितके पाणी देतात, त्याहून अधिक पाणी त्यातून वाफ होऊन जाते. जी तूट पडते ती महासागर भरून काढतो. वाफ वर जाते तेव्हा मीठ मागे राहते. ह्यामुळेच अरबी समुद्र बंगालच्या उपसागराहून अधिक खारट आहे. आणि ह्यामुळेच आपल्या कौलांवर पडणारे पाणी गोड आहे. खारटपणा आपल्याजवळ ठेवून तो गोडवा दुसऱ्यास देतो.

आता त्यातील जिवांकडे पाहू. समुद्राच्या वरच्या उजेडाच्या थरात डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्या सूक्ष्म प्राण्यांचे खाद्य होत. त्यांजवर तारली, बांगडा इत्यादी मासे जगतात, आणि त्यांजवर सुरमईसारखे मोठे मासे. परंतु ह्या वनस्पतींस लागणारे खत खाली, थंड व अंधाऱ्या पाण्यात साठलेले असते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे जोराने वाहू लागले म्हणजे सोमालिया, ओमान व केरळ ह्यांच्या किनाऱ्यांजवळ वरचे पाणी दूर लोटले जाते, आणि त्याच्या जागी खालचे सकस पाणी वर येते. ज्या वादळी दिवसांत कोळी आपली होडी किनाऱ्यास ओढून ठेवतो, त्याच दिवसांत त्याच्या पुढील हंगामाची पेरणी होत असते. नारळी पौर्णिमेनंतर तो जाळे टाकतो, तेव्हा त्या वादळाचेच पीक काढतो. नांगरलेल्या शेताचा मालक ही गोष्ट सहज समजेल.

तथापि विपुलतेलाही मर्यादा आहे. मेलेले सूक्ष्म जीव खाली पडतात व कुजतात, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. उत्तरेस भूमी असल्यामुळे तेथील खोल पाणी मंदगतीने बदलते. म्हणून ह्या समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत असा एक विस्तीर्ण थर आहे की, ज्यात प्राणवायू फारच थोडा. जगातील अशा मोठ्या थरांत त्याची गणना होते. समुद्राचे पाणी आता तापत चालले आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वादळांस बळ मिळते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधील तौक्ते ही आपल्या स्मरणात आहेतच.

हा कुजण्याचा नियम समजण्यास समुद्रापर्यंत जाणे नको. नदीत सांडपाणी मिसळले की पाणवेली माजते. ती पात्र झाकते, सडते, आणि खालच्या माशांचा श्वास कोंडतो. पुरात हीच वेल पुलास अडकते व पाण्याची वाट अडवते. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टात सायखेडा व चांदोरी येथे पाणी शिरले, ते दुःख आपणांस सांगावयास नको. पूर सर्वस्वी पाणवेलीने आला असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचा भार आपणच वाढवला, हे नाकारता येत नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट टोचते. समुद्र आपणांस शुद्ध पाणी देतो, आणि आपण ते कसे पुढे पाठवतो? आपल्या खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, जेथे हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी उतरतात, आणि ज्याला रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला. त्याच्याही खाली पैठणचा जलाशय आहे. त्याचे पाणी असंख्य घरांत पितात. ते लोक आपले शेजारी नव्हेत काय? नासलेले अन्न शेजाऱ्याच्या ताटात वाढण्यास आपण लाजू. नासलेले पाणी त्याच्या घागरीत पाठवण्यास का लाजत नाही?

प्रत्येक मंडळीने निदान एवढे करावे : उकिरडा, मेलेली जनावरे व फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे नदीत वा ओढ्यात जाऊ देऊ नयेत, आणि आपल्या घाटाजवळची पाणवेली पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून काढून, काठापासून दूर नेऊन तिचे खत करावे. ह्या कामी जातीचा वा धर्माचा भेद नसावा, कारण पाऊसही तो पाहून पडत नाही.

प्रश्न : (१) समुद्र खारट असता पाऊस गोड कसा? (२) वादळी वाऱ्यांनी माशांचे खाद्य कसे वाढते? (३) पाणवेली सडल्याने मासे का मरतात? (४) आपल्या गावाच्या खाली नदीचे पाणी कोण पितो, आणि त्यांजविषयी आपले कर्तव्य काय?