मशीनच्या आधीचं

लॅबमध्ये आलीस की पहिल्याच आठवड्यात सगळे तुला एलसी-एमएसपाशी नेतील. बघून घे, हरकत नाही. पण द्राक्षातले औषधांचे अवशेष मोजण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून सांगते: आकडा बिघडतो तो बहुधा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच.

ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. दहा टन द्राक्षांच्या अख्ख्या ट्रकमध्ये मिळून ग्रॅमचा दहावा भाग. एवढं तर तुझ्या बोटांना लागून येईल. डास पळवायचं क्रीम चोळून नमुना कापायला बसू नकोस. त्यातलं डीईईटी पडद्यावर दिमाखात उभं राहतं. स्टँडर्डच्या बाटल्या नमुन्यांच्या फ्रीजमध्ये नकोत, आणि शुद्ध स्टँडर्ड जिथे तोलतात त्या खोलीतला अ‍ॅप्रन नमुन्यांच्या खोलीत नको. फ्रीजमधून काढलेलं स्टँडर्ड खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच पिपेट बुडव. थंड अ‍ॅसिटोनायट्राइल आकसलेलं असतं, तेवढ्याच मापात जास्त औषध येतं.

मॅन्कोझेब सगळ्यात फसवं. आपल्याकडे डाऊनी रोगासाठी ते सर्रास फवारतात, म्हणून नमुना आला की आधी त्याचाच भाग बाजूला काढ. इतर औषधांसाठी द्राक्षं मिक्सरमध्ये पार एकजीव करायची. याच्यासाठी मात्र वाटायचं नाही. आंबट रसाशी गाठ पडली की ते मोडायला लागतं आणि अहवालात खोटं ‘निरंक’ येतं. मणी गोठवून तसेच बाटलीत घाल. ते मोजायचं कार्बन डायसल्फाइडच्या रूपात, आणि रबर पक्कं करायला याच जातीची रसायनं वापरतात. तेव्हा हातमोज्यांचा नवा खोका उघडलास की आधी त्यातल्या मोज्याचा एक तुकडा तपासून घे.

बाकीच्यांसाठी क्वेचर्स. अनास्तासियादेस आणि लेहोते यांनी 2003मध्ये मांडलेली ही पद्धत झटपट आहे, पण डोळे मिटून वापरू नये. अर्क साफ करायला पीएसए टाकतात. तो साखर-आम्लाबरोबर जीए (जिबरेलिक आम्ल) आणि 2,4-डीसारखी आम्लधर्मी औषधंही गिळतो. त्यांच्यासाठी पीएसए घालण्याआधीचा अर्क राखून ठेव. क्लोरमेक्वाट तर क्वेचर्समध्ये नीट उतरतच नाही, ते पाण्यातच रमतं. त्याला आम्लयुक्त मिथेनॉल लागतं. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला शेतकरी मारतात ते लिहोसीन, ते हेच. 2010मध्ये याच्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तोवर आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. यादीत नाही ते मशीन आपण होऊन सांगत नाही, एवढं मनात पक्कं ठेव आणि हंगामाआधी बागायतदाराला विचार, यंदा काय काय मारलं म्हणून. छापील यादीपेक्षा त्याच्या फवारणीच्या वहीत जास्त सापडतं.

काळ्या द्राक्षाला थॉमसनसारख्या हिरव्या द्राक्षाच्या अर्कातलं कॅलिब्रेशन लावू नकोस. रंगद्रव्यं सिग्नल दाबतात आणि आकडा कमी दिसतो. फवारणी न केलेल्या बागेतले काळे मणी सीझनभर पुरतील एवढे आधीच गोठवून ठेव. दर बॅचला एक स्पाइक, म्हणजे मोजून औषध घातलेला नमुना. रिकव्हरी 70 ते 120 टक्क्यांत बसली तरच पुढे. दणदणीत नमुन्यामागून आलेला नमुना थोडासा ‘सापडला’, तर आधी ब्लँक चालव. आयनांचं प्रमाण स्टँडर्डच्या तुलनेत तीस टक्क्यांपेक्षा जास्त हललं, तर ते औषध सापडलं असं लिहायचं नाही.

आणि फोन येणारच. 0.012 निघालंय, कंटेनर बंदरावर उभा आहे, जरा पुन्हा चालवा. चालव. मात्र सीलबंद राखीव नमुन्यावर, त्याच दिवशी, स्पाइकसकट. पहिला आकडा खोडायचा नाही. युरोपातले तपासनीस दोषी ठरवण्याआधी पन्नास टक्के अनिश्चितता वजा करतात, हे निर्यातदारालाही ठाऊक असतं आणि तो तुला ते सुनावेल. ती सूट देणं त्यांचं काम आहे. तू दोन्ही आकडे लिही, खाली सही कर आणि फोन ठेव.