शाळेच्या आरंभी वर्गनियमांचा पाठ

जून महिन्यात शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्या काही दिवस उशिरा सुरू होतात. पहिलीच्या पटावर नवी नावे चढतात, पुस्तके वाटली जातात, आणि बहुतेक शिक्षक लागलीच अक्षरओळखीस हात घालतात. तथापि अक्षरांपूर्वीचा एक पाठ आहे. वर्गात कसे यावे, कोठे बसावे, गरज पडल्यास परवानगी कशी मागावी, काम संपल्यावर काय करावे, हा तो पाठ होय. तो पुष्कळदा सांगितला जातो. शिकविला मात्र क्वचितच जातो. सांगणे आणि शिकविणे यांतील अंतर शिक्षकाने ध्यानी घेतले, तर वर्षभराचे पुष्कळ क्लेश टळतात.

अज्ञान आणि अवज्ञा

सहा वर्षांचे मूल ज्या घरातून येते तेथे घंटा नसते आणि रांगही नसते. तहान लागली की ते माठाकडे जाते. बोलावेसे वाटले की बोलते. शाळेत यांतील प्रत्येक गोष्ट निराळ्या रीतीने करावी लागते. लघवीस जाण्यासाठी करंगळी वर करावी, ही खूण शाळाशाळांतून इतकी रूढ आहे की ती शिकवावी लागते याचाच विसर पडतो. नव्या मुलास ती ठाऊक नसते. ते मुकाट्याने बसून राहते, कपडे ओले होतात, शेजारची मुले हसतात. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे पोट दुखू लागते. हजेरीपत्रकात ती केवळ एक गैरहजेरी असते. घरी मात्र ‘याला शाळा आवडत नाही’ असा निष्कर्ष निघून गेलेला असतो. वारली, कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांची अडचण याहून मोठी. कारण त्यांना सूचनेची भाषाच परकी असते. त्यांना नियम सांगून कळत नाही, दाखवून कळतो.

‘गडबड करू नका’ या सूचनेने काय करू नये ते कळते. काय करावे ते कळत नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवून घेऊ पाहतो, आणि वर्ग त्याच्या हातून निसटतो. पुढे तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले ऐकण्यासाठी आपण होऊन स्थिर बसतात. शांतता ही हुकुमाने आणावयाची वस्तू नव्हे. तिचे प्रयोजन मुलास पटावे लागते.

नियम किती असावेत?

लहान मूल दहा-बारा नियम लक्षात ठेवू शकत नाही. पुढील पाच गोष्टी आरंभी पुरेशा होतात :

(१) चपला एका ओळीत ठेवून वर्गात येणे व आपल्या जागी बसणे.
(२) शिक्षकाच्या ठरलेल्या खुणेसरशी हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहणे.
(३) लघवीस वा पाणी पिण्यास जाण्यासाठी खूण करणे.
(४) पाटी, वही, पुस्तक ठरल्या जागी ठेवणे.
(५) पोषण आहाराच्या वेळी हात धुऊन रांगेने बसणे.

यांतील प्रत्येक नियम ‘काय करावे’ हे सांगणारा आहे, हे लक्षात यावे. ज्या नियमाचे कारण मुलास समजेल अशा शब्दांत देता येत नाही, तो नियम वगळावा.

नमुन्याचे टाचण

विषय : परवानगीची खूण. वेळ : १५ मिनिटे.

उद्दिष्ट : प्रत्येक मुलाने न लाजता खूण करावी, जाऊन यावे व आपल्या जागी बसावे.

प्रस्तावना : ‘गुरुजी शिकवीत आहेत आणि एखाद्याला लघवी लागली, तर त्याने काय करावे?’ असा प्रश्न विचारावा. मुलांची सर्व उत्तरे ऐकून घ्यावीत. कोणत्याही उत्तरास हसू देऊ नये.

दर्शन : शिक्षकाने स्वतः मुलाच्या जागी बसून करंगळी वर करावी, उठून दारापर्यंत जावे व परत येऊन बसावे. नंतर वरच्या इयत्तेतील एका मुलाकडून व एका मुलीकडून तेच करवून घ्यावे.

प्रत्यक्ष जागा : सर्व मुलांना स्वच्छतागृहापर्यंत नेऊन दार कसे लावावे, पाणी कोठून घ्यावे, हात कोठे धुवावेत हे दाखवावे. बंद दाराला भिणारी मुले असतात. त्यांना एखाद्या सोबत्यासह पाठवावे.

सराव : प्रत्येक मुलाने एकदा तरी खूण करून जाऊन यावे. ‘तू उठताना शेजाऱ्याच्या पाटीवर पाय पडू दिला नाहीस’ अशा नेमक्या शब्दांत चांगली कृती दाखवून द्यावी.

मूल्यमापन : पुढील आठवडाभर कोणते मूल एकदाही खूण करीत नाही, याकडे लक्ष ठेवावे. तेच मूल संकोचत असण्याचा संभव अधिक.

पंधरवड्याची योजना

सर्व नियम एकाच दिवशी शिकवू नयेत. पहिल्या दिवशी जागा व परवानगीची खूण, दुसऱ्या दिवशी आहाराची रांग, तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबण्याची खूण आणि साहित्य ठेवणे, असा क्रम ठेवावा. उरलेले दिवस सरावाचे. सराव खेळाच्या रूपाने घ्यावा. टाळीची लय ऐकताच स्तब्ध होण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. दिवाळीच्या सुटीनंतर हीच उजळणी दोन-तीन दिवस पुन्हा करावी.

या वेळेमुळे अभ्यासक्रम मागे पडेल अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. रोज दहा मिनिटे गोंधळात गेली, तर २०० दिवसांत २,००० मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून अधिक काळ वाया जातो. हे आठ दिवसांहून अधिक अध्यापन होय. सवयींसाठी पहिल्या पंधरवड्यात दिलेला वेळ याहून पुष्कळ कमी असतो.

द्विशिक्षकी शाळेत तर या पाठावाचून गत्यंतरच नाही. त्याच कायद्यान्वये ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात; एकेका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता येतात. तिसरीस गणित शिकविताना पहिलीच्या मुलांनी काय करावे, हे ठरलेले नसेल तर दोन्ही वर्गांचे नुकसान होते. वरच्या इयत्तेतील मुले येथे मोठे साहाय्य करतात. मात्र त्यांना मदतनीस नेमावे, पहारेकरी नेमू नये. फळ्यावर नावे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये.

नियम मोडल्यास

सरावानंतरही नियम मोडले जातीलच. अशा वेळी प्रथम हे पाहावे की मुलास नियम येतो काय. येत नसेल, तर तो पुन्हा शिकवावा. बेरीज चुकली असता शिक्षक ती पुन्हा समजावून देतो. रांग चुकली असता निराळा न्याय का असावा? येत असूनही मोडला, तर मुलास बाजूला घेऊन हळू आवाजात कारण विचारावे. भूक, झोप, घरातील आजारपण किंवा न दिसणारा फळा यांपैकी एखादे कारण पुष्कळदा निघते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या याच कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. परंतु कायदा नसता, तरी न शिकविलेल्या गोष्टीबद्दल मुलास शासन करणे न्याय्य ठरले नसते.

शिक्षकानेही हेच नियम पाळावेत. ठरल्या खुणेनंतर तो स्वतः बोलत राहिला, वा त्याचेच टेबल अस्ताव्यस्त राहिले, तर मुले त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या कृतीचे अनुकरण करतील. पंधरवड्याच्या अखेरीस त्याने हजेरीपत्रक उघडून पहिलीच्या मुलांच्या गैरहजेऱ्या पाहाव्यात आणि वारंवार न येणाऱ्या मुलाच्या घरी स्वतः जावे. त्या मुलास शाळेतील कोणती गोष्ट अवघड वाटते, हे तेथे उमगण्याचा संभव असतो; आणि पुढील आठवड्याच्या टाचणात तिला स्थान देता येते.