ऋतुसंधीतील घाटरस्त्यावरची सामूहिक सायकलफेरी : पूर्वतयारी व वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून सायकलस्वारांची मंडळे निर्माण झाली आहेत. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, दिवसभर बैठे काम करणारी मंडळीही त्यांत उत्साहाने सहभागी होतात. आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि फेरीला आठ-दहा दिवस उरले असता यांपैकी अनेक जण चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात येतात आणि एकच मागणी करतात, "घाट चढताना ताकद टिकेल असे काहीतरी द्या." या मागणीला काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या मते अशा वेळी बलवर्धक औषधापेक्षा रुग्णाला त्याच्या बलाची मर्यादा दाखवून देणे अधिक महत्त्वाचे आहे. समूहात चालणाऱ्या व्यायामात आणि हवामानाचा भरवसा नसताना तर ते अत्यावश्यकच ठरते.

विवेचन नेमके व्हावे म्हणून वाई ते महाबळेश्वर हा मार्ग उदाहरणादाखल घेऊ. फेरीचा काळ मृग नक्षत्राच्या आगेमागे, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातील मानू.

मार्ग व काळ यांचा विचार

वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे तेरा कि.मी. असून तेवढ्यात पसरणीचा घाट साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची चढवितो. पाचगणी सुमारे १,३०० मीटर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. अवघ्या वीस कि.मी.वरील पाचगणीस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो आणि पायथ्याचे वाई पर्जन्यछायेत येते. सबब, एकाच सकाळी वाईस कडक ऊन, घाटात वळिवाची सर आणि माथ्यावर दाट धुके व गार वारा, असे तिन्ही अनुभव येऊ शकतात. केवळ उंचीमुळेच पायथा व माथा यांच्या तापमानात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. त्यात भिजलेले अंग आणि उतारावरचा वारा यांची भर पडते.

शास्त्रदृष्ट्या हा काळ ग्रीष्म व वर्षा यांच्या संधीचा आहे. आदानकाळाचा अंत व विसर्गकाळाचा आरंभ येथे शरीरबल सर्वांत क्षीण असते. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षा ऋतूत प्रकुपित होतो व अग्नी मंदावतो. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हे आपण जाणतोच. मग अशा फेरीस सरसकट नकार द्यावा काय? नकार दिला तरी बहुतेक जण जाणारच, आणि तेही सल्ल्यावाचून. म्हणून जे निश्चितपणे अपात्र आहेत त्यांना स्पष्टपणे थांबवावे आणि इतरांना ऋतूची जाणीव देऊन सावध करावे, हाच मार्ग व्यवहार्य वाटतो.

कोणास थांबवावे

अजीर्ण असता व्यायाम करू नये, हा शास्त्रादेश फेरीच्या सकाळीही लागू आहे. आदल्या रात्रीचे अन्न जिरले नसेल, आंबट ढेकर व जडपणा असेल, तर त्या दिवशी सायकलीवर बसू नये. ज्वर येऊन गेल्यावर पूर्ववत बल येईपर्यंत श्रम वर्ज्य आहेत. आठवड्यापूर्वी ताप येऊन गेलेला तरुण 'आता बरा आहे' म्हणतो, तेव्हा याची आठवण द्यावी. श्रम करताना छातीत दुखणे, चक्कर वा मूर्च्छा येणे, रक्तदाब आटोक्यात नसणे, कुटुंबात तरुण वयात हृद्रोगाने आकस्मिक मृत्यू झालेला असणे, अशा व्यक्तींस हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवून त्यांचे मत येईपर्यंत फेरी थांबवावी. इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांकडून मात्रेविषयी आधीच विचारून घ्यावे व खिशात साखर ठेवावी.

अर्धशक्ती आणि समूह

व्यायाम अर्धशक्तीने करावा आणि तोही प्रामुख्याने शीतकाळी व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. ही मर्यादा ओळखायची कशी? सुश्रुताचार्यांनी हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे बलार्धाचे लक्षण मानले आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही लक्षणेही परंपरेने सांगितली जातात. सायकलस्वारास हे सोप्या भाषेत सांगावे : चढावर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य सलग बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर गियर हलका करावा, वेग उतरवावा. तरीही धाप न थांबल्यास सायकलीवरून उतरून चालावे.

समूहातील अडचण येथेच आहे. अर्धशक्ती प्रत्येकाची वेगळी असते, परंतु समूहाचा वेग एकच असतो आणि तो बहुधा पुढच्या तरुणांचा असतो. मागे पडण्याचा संकोच माणसास स्वतःची लक्षणे दडवायला लावतो. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात, असे ग्रंथकार सांगतात. अतिसाहस करणाऱ्यास हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिलेली आहे. सिंह दुबळा नसतो, त्याला आपली मर्यादा कळत नाही. यास्तव मर्यादा घाटात ठरवू नये, ती आधी ठरवावी. मंडळाच्या संयोजकांना आम्ही असे सुचवितो की सर्वांत सावकाश जाणाऱ्याच्या मागे एक अनुभवी स्वार शेवटपर्यंत राहावा. थांबण्याची ठिकाणे आधी जाहीर करावीत आणि पाचगणीहून परत फिरणे हा मान्य पर्याय आहे, हे सर्वांसमक्ष सांगावे.

पूर्वतयारी

किमान सहा ते आठ आठवडे आधी सराव सुरू करावा. आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रारंभी सपाट रस्त्यावर व नंतर लहान चढांवर, अंतर क्रमाक्रमाने वाढवीत न्यावे. ऋतुसंधीत जुनी सवय सोडणे व नवी धरणे या दोन्ही गोष्टी क्रमाने कराव्यात, हा शास्त्रनियम येथे तंतोतंत उपयोगी पडतो. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. या आठवड्यात नवे औषध, नवे पादत्राण, नवी बैठक, नवे खाद्य यांपैकी काहीही सुरू करू नये.

सरावाच्या काळात तिळतेलाचा अभ्यंग, विशेषतः कंबर, मांड्या, पोटऱ्या व तळपाय यांस, आणि नंतर कोमट पाण्याचे स्नान हितकर आहे. मात्र फेरीच्या सकाळी तळहातांस तेल लावू नये, कारण ओल्या उतारावर ब्रेकची पकड सुटते. बैठकीच्या जागी कातडी घासली जाते. तेथे शतधौत घृताचा पातळ लेप उपयुक्त ठरतो.

आहार व जल

आदल्या रात्री मुगाची खिचडी व तूप असे लघु, स्निग्ध अन्न लवकर घ्यावे. सकाळी निघण्यापूर्वी दोन तास भाताची पेज वा उपमा यांसारखे सवयीचे खावे. वाटेत राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मनुका थोड्या थोड्या घ्याव्यात. पोटभर जेवण घाट चढून झाल्यावरच करावे.

पाण्याविषयी दोन टोके टाळावीत. तहान दाबून ठेवणे हे वेगधारणच आहे. उलटपक्षी, घामावाटे मीठ गेले असता केवळ साधे पाणी लिटरमागून लिटर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. त्यामुळे डोकेदुखी, मळमळ, गोंधळ व प्रसंगी झटके येतात. फेरीपूर्वीपेक्षा फेरीनंतर वजन वाढलेले आढळल्यास पाणी अती झाले असे समजावे. तहानेप्रमाणे, घोटाघोटाने प्यावे. सैंधव व साखर घातलेले कोकम सरबत सवयीचे व रुचकर आहे. उलट्या-जुलाब झाल्यास मात्र जलसंजीवनीच द्यावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सपाट सहा चहाचे चमचे व मीठ सपाट अर्धा चमचा, हे घरगुती प्रमाण सर्वांना पाठ असावे.

हवामानाची तयारी

फेरीच्या आदल्या संध्याकाळी व पहाटे भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. घाटमाथ्यासाठी लाल वा नारिंगी इशारा असल्यास फेरी पुढे ढकलावी. हा निर्णय एका नेमलेल्या व्यक्तीने घ्यावा व तो सर्वांनी मानावा, कारण रस्त्यात उभे राहून चर्चेने घेतलेले निर्णय बहुधा उत्साहाच्या बाजूने झुकतात.

सामानात ऊन व पाऊस दोहोंची सोय हवी. फिकट रंगाचे सैल कपडे, पाठीमागे तांबडा व पुढे पांढरा दिवा, हलका पावसाळी अंगरखा आणि माथ्यावर बदलावयाचा कोरडा सदरा एवढे तरी प्रत्येकाजवळ असावे. घामाने अथवा पावसाने भिजलेल्या अंगाने उतारास लागू नये, कोरडा सदरा आधी घालावा. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल वर येऊन डांबर निसरडे होते, शिवाय ओले ब्रेक उशिरा लागतात. म्हणून उतरताना दोन सायकलींत नेहमीपेक्षा बरेच अधिक अंतर ठेवावे. मेघगर्जना ऐकू येताच उघडा माथा व एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत वा बंद वाहनात जावे. शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

'ताकदीच्या गोळ्या' मागणाऱ्यास काय द्यावे, यापेक्षा काय देऊ नये याकडे विक्रेत्यांनी अधिक लक्ष द्यावे. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत आहे. १९०४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये टॉमस हिक्स या धावपटूस शर्यत चालू असतानाच स्ट्रिक्निन देण्यात आले होते. तो जिंकला खरा, पण शेवटी त्याला अक्षरशः आधार देऊन चालवावे लागले. कुचला, वत्सनाभ, धत्तूर, भांग ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये मोडतात. ती असलेली कल्पे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. सोमलतेत एफेड्रिन असते आणि बला वनस्पतीतही ते अल्प प्रमाणात आढळते. मूत्रात दर मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमहून अधिक एफेड्रिन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. हौशी फेरीत तपासणी नसते, परंतु त्याच फेरीतील एखादा तरुण पुढे मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरतो आणि दोष औषधावर व पर्यायाने आयुर्वेदावर येतो. सबब, स्पर्धक असल्यास पोटात घेण्याच्या प्रत्येक कल्पाचे घटक त्यास लेखी द्यावेत.

ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांना तो देताना विशेष विचार करावा. घाटात दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळ्या घेण्याची प्रथा बोकाळली आहे. उष्म्यात व निर्जलीकरणात त्यांनी वृक्कांस अपाय होतो, हे ग्राहकास सांगावे.

आपत्प्रसंग

स्वार असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला व अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी उष्माघात नाकारू नये. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, मिळेल तितके गार पाणी अंगावर ओतीत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, चूर्ण वा आसव काहीही घालू नये. छातीत दुखणे, डावा हात वा जबडा भरून येणे, थंड घाम सुटणे, यांतही हाच क्रमांक. अशा वेळी आपल्या चिकित्सेचा आग्रह धरण्यात शास्त्राचा गौरव नाही. वेळेत रुग्णालयात पोचविणे हीच त्या क्षणाची चिकित्सा होय.

उपसंहार

सभासद वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी की आपापल्या गावातील सायकल मंडळाशी फेरीपूर्वी महिनाभर तरी संपर्क साधावा, नाडी व रक्तदाब यांची तपासणी करावी आणि प्रत्येकास त्याच्या मर्यादेची लक्षणे एका चिठ्ठीवर लिहून द्यावीत. त्या चिठ्ठीत औषधाचे नाव नसले तरी चालेल. धाप लागली की वेग उतरवा, अजीर्ण असेल तर घरी थांबा, गर्जना झाली की आसरा घ्या, ही तीन वाक्ये मात्र अवश्य असावीत. घाट पुढच्या शिशिरातही तेथेच असतो आणि त्या ऋतूत बलही उत्तम असते, हेही सांगावयास विसरू नये.