अभिनयाचा पहिला धडा

संमेलनाचें नाटक ठरलें कीं आमचे बालनट प्रथम दाढीमिशांची चौकशी करितात! भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. दाढीमिशा, वेष, रंग हें सारें आहार्य. तें भाड्यानें मिळतें. हावभाव व स्पष्टोच्चार सरावानें साधतात. मनांतील भाव अंगावर आपोआप उमटणें, हा सात्त्विक अभिनय मात्र कठीण. त्यासाठीं आम्ही तालमींत एवढेंच सांगतों कीं, सोबती बोलत असतां आपलें वाक्य घोकूं नका. त्याचें बोलणें ऐका. गेल्या वर्षीं एका भालदारास बोलावयास एकही वाक्य नव्हतें. पालक किंचित् नाराजच होते. पण राजपुत्राच्या निधनाची वार्ता त्यानें अशी ऐकिली कीं, हातांतील भाला नकळत झुकला, आणि सारें सभागृह स्तब्ध झालें.