पावसाळ्यात सापडणारी राणीमुंगी कशी ओळखावी?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की सायंकाळी दिव्याभोवती पंखांच्या कीटकांची झुंबड उडते. दुसऱ्या दिवशी अंगणात व बांधावर पंख गळालेले मोठे कीटक फिरताना आढळतात. त्यांत वाळवी असते, तशाच मुंग्यांच्या राण्याही असतात. वाळवी उसाच्या बेण्यास व उभ्या पिकांस उपद्रव देते. मुंग्या तर वाळवीच्या मोठ्या शत्रू होत. म्हणून दिसेल तो कीटक चिरडण्यापूर्वी तो कोण आहे हे पाहणे अगत्याचे आहे. ज्यांना हौसेने किंवा शाळेतील निरीक्षणासाठी मुंग्या पाळावयाच्या आहेत, त्यांचीही पहिली पायरी हीच. या पाठासाठी एक भिंग व काचेची नळी एवढे साहित्य पुरे.

१. मुंगी की वाळवी?

मुंगीची कंबर अतिशय बारीक असते व मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीची कंबर जाड असून मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. पंख असल्यास वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, तर मुंगीचे पुढील पंख मागील पंखांहून मोठे दिसतात. पंख गळाल्यावर वाळवीची जोडी एकामागून एक चालते. मुंगीची राणी बहुधा एकटीच फिरते.

२. राणी, नर की कामकरी?

येथे केवळ आकारावर विसंबू नये. डोंगळ्यांमध्ये मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या असतात. पुष्कळ जण त्यांनाच राणी समजतात. खरी खूण वक्षावर, म्हणजे डोके व कंबर यांमधील भागावर असते. राणीच्या वक्षात उडण्याचे स्नायू असल्यामुळे तो भाग फुगीर व रुंद असतो, आणि पंख जेथून गळाले तेथे लहान खुणा राहतात. कामकरी मुंगीचे वक्ष अरुंद असते व अशा खुणा नसतात. नराचे डोके लहान, डोळे मोठे व अंग सडपातळ असते. तो थोड्याच दिवसांत मरतो.

३. जात कोणती?

कमरेवर किती गाठी आहेत ते भिंगातून पाहावे. काळ्या डोंगळ्याच्या राणीस एकच गाठ असते व तिची लांबी सुमारे दीड सेंटिमीटर भरते. आंबा व काजूच्या झाडांवर पाने जुळवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची राणी मात्र हिरवट असते. या मुंग्या काजूवरील ढेकण्यासारख्या किडींची शिकार करतात. म्हणून अशी राणी सापडल्यास तिला इजा न करता झाडावर सोडावे. दोन गाठी दिसल्यास ती वेगळ्या गटातील मुंगी समजावी. अशा कित्येक जाती दंश करतात, म्हणून राणी बोटांनी न उचलता नळीत चालू द्यावी.

४. ओळखीची खात्री

डोंगळ्याची राणी पाळावयाची असल्यास नळीच्या तळाशी एकतृतीयांश पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा. राणी आत सोडून तोंडाशी दुसरा बोळा लावावा व नळी अंधारात ठेवावी. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत तिला अन्न लागत नाही. पंखांचे निरुपयोगी झालेले स्नायू व अंगातील चरबी यांवरच ती स्वतःचे व पिलांचे पोषण करते. नळी वारंवार हलविल्यास राणी अंडी खाऊन टाकते, म्हणून आठवड्यातून एकदाच पाहावे. पंख गळाले म्हणजे राणी फळलेली आहेच असे नव्हे. न फळलेल्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. कामकरी मुंग्या निघाल्या म्हणजेच ओळख पक्की झाली.

मुंग्या सर्वस्वी उपकारक आहेत असे मानू नये. डोंगळे माव्याचे रक्षणही करतात. म्हणून पाळलेली वसाहत दुसऱ्या भागात नेऊन सोडू नये. नको झाल्यास जेथे राणी सापडली तेथेच सोडावी. ग्रामकार्यकर्त्यांनी पहिल्या पावसानंतर शेतकरी बंधूंना एकत्र जमवून वाळवी व राणीमुंगी शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. एकदा डोळ्यांनी पाहिलेला फरक सहसा विसरला जात नाही.