जुन्या मोटारींचा सन्मान

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पॅसिफिक महासागराच्या काठी, पेबल बीच नावाचे एक रमणीय स्थळ आहे. तेथे १९५० साली मोटारगाड्यांचे प्रदर्शन सुरू झाले. आरंभी नव्या गाड्यांनाच पहिला मान मिळे. पण १९५५ साली तो १९३१ मधील एका गाडीने पटकावला आणि जुन्या गाड्यांचे दिवस पालटले.

आता ऑगस्टमधील एका रविवारी, पहाटेच्या अंधारातच, गाड्या समुद्रकाठच्या हिरवळीवर येऊ लागतात. त्या पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात. गाडी मुळाबरहुकूम आहे की नाही, हे परीक्षक बारकाईने तपासतात. प्रदर्शनापूर्वी गाड्यांची रस्त्यावरून एक लांबलचक फेरीही निघते. दोन गाड्यांना समान गुण मिळाल्यास, फेरी पुरी करणारी गाडी श्रेष्ठ ठरते; कारण चालणे हाच गाडीचा धर्म होय!

२०२४ साली सर्वोच्च मान १९३४ मधील एका बुगाटी गाडीस मिळाला. ती एके काळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. तिला नवे रूप दिलेले नव्हते; काळाच्या खुणा तिच्या अंगावर तशाच होत्या. अशा जतन केलेल्या गाडीस हा मान प्रथमच लाभला.

या प्रदर्शनातून जमणारा निधी लोकोपयोगी कार्यास दिला जातो. धनिकांच्या हौसेतून अशा रीतीने परोपकारही साधतो. जी वस्तू आपण निगुतीने जपतो, ती वार्धक्यातही उपयोगी पडते.

स्वाध्याय : तुमच्या घरातील एखाद्या जुन्या, पण चालू असलेल्या वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.